साधारण आडव्या रेघा: सॉल लविटच्या वाटेने घरी एक ग्वाश चित्र

लांबून पाहिलं तर ही चित्रं सतरंजीसारखी दिसतात. एकाखाली एक रंगाचे पट्टे, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेले. जवळ गेलं की लक्षात येतं, यातला एकही पट्टा सरळ नाही. कुठे ब्रश किंचित वर चढलाय, कुठे रंग संपत आल्यावर केसांचे ओरखडे उमटलेत, कुठे दोन पट्टे एकमेकांना चाटून गेलेत. अमेरिकन चित्रकार सॉल लविटने अशा चित्रांना नावही तसंच दिलं: ‘आडवे फटकारे’, आणि लगेच पुढे पुस्ती, ‘कमीअधिक’. मी त्यांना मनातल्या मनात ‘साधारण आडवे’ म्हणते. पत्ता सांगताना आपण ‘साधारण देवळासमोर’ म्हणतो ना, त्यातलं साधारण.

या लेखात त्या धर्तीचं एक चित्र घरी करायचं आहे. त्याच्या एखाद्या चित्राची नक्कल नव्हे, फक्त पद्धत उचलायची. मी पहिल्यांदा करायला बसले तेव्हा दुपारभरात कागद भरला आणि संध्याकाळपर्यंत त्याची खिचडी झाली. पिवळ्याचा हिरवा झाला, लालचा तपकिरी, आणि कागद तळलेल्या पापडासारखा वर आला. चूक हाताची नव्हती. काहीही न ठरवता बसले होते, आणि एक रंग ओला असतानाच त्याला खेटून दुसरा लावत होते. म्हणून या लेखाचा अर्धा भाग ठरवण्याबद्दल आहे आणि अर्धा पाण्याबद्दल.

आधी त्या माणसाबद्दल थोडं

थोडंच, पण लागेल. लविटचा जन्म १९२८ सालचा, कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. १९६० च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये किरकोळ नोकरी करत होता. डॅन फ्लेविन आणि रॉबर्ट रायमन ही पुढे मोठे कलाकार झालेली मंडळी त्याच काळात तिथेच पहारेकऱ्याचं काम करायची. १९६७ च्या जूनमध्ये आर्टफोरम मासिकात लविटचा एक लेख आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चित्रात कल्पना महत्त्वाची. सगळे निर्णय आधीच घेऊन टाकायचे, मग प्रत्यक्ष काढणं हा उपचार उरतो. संकल्पनात्मक कला हा शब्द ज्या लेखांमुळे रूढ झाला त्यांतला हा एक.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्याने थेट भिंतीवर पेन्सिलीने रेघा काढल्या. प्रदर्शन संपल्यावर भिंतीवर रंगाचा हात फिरला आणि चित्र गेलं. पण सूचना उरली होती, त्यामुळे चित्र पुन्हा काढता येणार होतं. यानंतर त्याने बाराशेहून अधिक भित्तिचित्रं केली, आणि त्यांतली बहुतेक दुसऱ्यांनी काढली. तो वाक्य लिहायचा, बाकीचे भिंतीशी उभे राहायचे. २००७ च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्यानंतर २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ॲडम्स इथे मास मोका या संग्रहालयात त्याच्या १०५ भित्तिचित्रांचं दालन उघडलं.

आपल्याकडे कुणाला हे विचित्र वाटायचं कारण नाही. ‘११ ठिपके ११ ओळी’ एवढी सूचना मासिकात छापून आली की सोलापुरातल्या अंगणात आणि डोंबिवलीच्या जिन्यात तीच रांगोळी उमटायची, प्रत्येकीच्या हाताने थोडी वेगळी, आणि दुसऱ्या दिवशी केरसुणीखाली जायची. तिथे मूळ रांगोळी कोणती, असं कुणी विचारत नव्हतं.

ग्वाश या जलरंगातल्या चित्रांची गोष्ट मात्र उलटी आहे. लविट १९८० च्या आसपास इटलीत स्पोलेतो गावी राहायला गेला. त्या गावच्या कॅथेड्रलमध्ये फिलिप्पो लिप्पीची पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, आणि आसपासच्या गावांतही अशा चित्रांची रेलचेल. इटलीतल्या मुक्कामात त्याच्या कामात रंग भरभरून आला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने कागदावर ग्वाशची शेकडो चित्रं केली, आणि ती स्वतःच्या हाताने केली. भिंत दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस हा एक कागद स्वतःकडे ठेवत होता. मला त्याच्या सगळ्या कामात हीच बाजू सर्वांत जवळची वाटते. नियम इथेही आहे, पण तो जिथे ढिला सोडलाय तिथे चित्र घडतं.

सामान

रंग. ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग. साध्या जलरंगासारखाच रंगकण आणि डिंक, पण रंगकण जास्त, कधी त्यात खडूसारखी पांढरी भुकटी. म्हणून तो कागद झाकतो. आपल्याकडच्या लघुचित्रांचा रंगही याच जातीचा. दुकानात ‘डिझायनर्स ग्वाश’ म्हणून छोट्या ट्यूब मिळतात. महाग असतात, पण रंग दाट आणि एकसारखा बसतो. परवडत नसतील तर पोस्टर कलरच्या बाटल्यांवर बेधडक काम करा. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्यांच्या घरी माळ्यावर त्या सापडतातही. झाकण घट्ट बसलेली बाटली जोर लावून उघडू नका, झाकणाकडून गरम पाण्यात पाच मिनिटं उलटी ठेवा. आत रंग दगड झाला असेल तर टाकून द्या, पाणी घालून तो पूर्वीसारखा होत नाही, कणकण राहतो.

या चित्राला पाच रंग पुरेत: लाल, पिवळा, निळा, काळा, आणि काळ्यात पांढरा मिसळून केलेला करडा. पांढरा लागणारच, तो मोठा घ्या. लाल घेताना क्रिमसन, मॅजेंटा, गुलाबी या घराण्यातला नको. हे रंग वाळल्यावरही वर लावलेल्या रंगातून डोकं वर काढतात. त्यावर पांढरा द्या, तासाभरात पांढरा गुलाबी. व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट घ्या.

कागद. लविटची पुष्कळ ग्वाश चित्रं २२ बाय ३० इंचांच्या आसपास आहेत. आपल्या दुकानात हाच आकार फुल इम्पीरियल म्हणून मिळतो. पहिल्या चित्राला मात्र त्याचा चौथा भाग घ्या, ११ बाय १५ इंच, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर. वजन ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम. शाळेतला कार्ट्रिज पेपर या कामाला टिकत नाही, पाणी लागताच कण्हायला लागतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची जुनी संस्था आहे, १९४० सालची, तिथल्यासारखा जाड हातकागदही चालेल. पण सगळे हातकागद सारखे नसतात. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभर मण्यासारखा उभा राहिला तर कागद कामाचा. लगेच पिऊन टाकला तर तो कागद रंगही तसाच पिणार, आणि फटकारा अर्ध्या वाटेत संपणार.

ब्रश दोन. एक चपटा, पाऊण इंची, सिंथेटिक केसांचा. दुसरा गोल, सहा किंवा आठ नंबरचा. महागडे केस नकोत, ग्वाशला थोडा ताठ ब्रश बरा.

बाकी किरकोळ: प्लायचा तुकडा, मास्किंग टेप, पाण्याची दोन भांडी (एक धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं, हे एकावर भागवाल तर तिसऱ्या पट्ट्यापासून सगळे रंग राखाडी होतील), जुनं सुती कापड. रंग कालवायला मी इडलीपात्राची जुनी ताटली वापरते. चार खळगे, तळ गोल, ब्रश छान फिरतो. एकदा रंगाला लावलेली ताटली परत स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे सांगायला नको.

नियम लिहा

ब्रश अजून कोरडाच राहू द्या. आधी एक साधा कागद आणि पेन घ्या.

लविटचं ७९७ क्रमांकाचं एक भित्तिचित्र आहे, त्याची सूचना मला फार आवडते. पहिला माणूस काळ्या मार्करने भिंतीच्या वरच्या बाजूला एक वेडीवाकडी आडवी रेघ काढतो. दुसरा लाल मार्करने तिच्याखाली तिची नक्कल करतो, न चिकटता. तिसरा पिवळ्याने, चौथा निळ्याने. मग पुन्हा लाल, पिवळा, निळा, प्रत्येक जण लगेच वरच्या रेघेची नक्कल करत, भिंतीच्या तळापर्यंत. बस. एवढ्यात सगळी भिंत भरते आणि पाण्यावर तरंग उठल्यासारखी हलायला लागते.

आपण हीच कल्पना ब्रशला जुळवून घेऊ. माझा नियम असा:

कागद आडवा. चारी बाजूंना दोन सेंटिमीटर कोरे. सर्वांत वर लाल फटकारा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी फट सोडून पिवळा, वरच्या फटकाऱ्याची खालची कड बघत. मग निळा, मग करडा, मग पुन्हा लाल. तळ येईपर्यंत हेच. ब्रश मागे फिरवायचा नाही. सगळं वाळल्यावर दर तिसऱ्या फटीवरून काळी रेघ.

नियम पुरेसा झाला की नाही हे कळायची एक युक्ती आहे. कुणाला तरी फोनवर वाचून दाखवा. मी ताईला वाचून दाखवला. तिचा चित्रकलेशी संबंध शाळेपुरता.

“फटकारे कोणत्या हाताने सुरू करायचे? मी डावरी आहे.”

हे मी लिहिलंच नव्हतं. म्हटलं, “तुझ्या सोयीच्या कडेने.”

“शेवटी अर्धाच पट्टा मावला तर?”

“मावेल तेवढा. उरलेला टेपवर जाऊ दे.”

“आणि वाकडं किती चालेल?”

“साधारण.”

“म्हणजे किती?”

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नियमात लिहायचं नाही. बाकी दोन लिहायची. सामनेवाला विचारेल ते सगळं लिहून काढलंत तर हाताला काही काम उरत नाही. काहीच लिहिलं नाहीत तर रंग निवडण्यातच संध्याकाळ जाते. माझ्या मते एक चित्र, एक मोकळी जागा. इथे ती म्हणजे रेघेचा वाकडेपणा. रंगांचा क्रम, फट, दिशा हे सगळं बांधलेलं आहे, म्हणून तो वाकडेपणा दिसतो तरी.

कागद ताणणं

कागदाला पाणी लागलं की तो फुगतो, वाळताना आकसतो, आणि सगळीकडे सारखा आकसत नाही म्हणून लाटा येतात. उपाय असा, की आधीच भिजवून, ताणून वाळवायचा. पसरट ट्रेमध्ये कागद पाच-सात मिनिटं बुडवा, कोपऱ्याला धरून निथळा, प्लायवर अंथरा. पाणी लावून चिकटणारी खाकी कागदी टेप मिळते, तिने चारी कडा प्लायला चिकटवा. पॅकिंगची प्लॅस्टिक टेप ओल्या कागदाला धरत नाही. बोर्ड आडवा ठेवून वाळू द्या. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, जुलैत मुंबईत दोन दिवसही लागतात. पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, कडा आधी वाळून टेप सुटते.

कागद सुकून ढोलकीसारखा झाला की मास्किंग टेपने दोन सेंटिमीटरची चौकट आखा. टेप आधी कपड्यावर दोनदा चिकटवून उचला, म्हणजे तिचा चिकटपणा उतरतो आणि शेवटी कागदाची साल निघत नाही. आत २४ बाय ३४ सेंटिमीटरची जागा उरते. दीड सेंटिमीटरचा फटकारा आणि तीनेक मिलिमीटरची फट धरली तर तेरा पट्टे बसतील. मोजून खुणा करायच्या नाहीत. हिशोब फक्त रंग किती कालवायचा यासाठी.

रंग कालवणं

ग्वाशमधलं निम्मं यश इथेच आहे. रंग ताकासारखा पातळ झाला तर कागद खालून दिसतो आणि पट्टा डागाळतो. ट्यूबमधून काढला तसा लावला तर ब्रश ओढला जात नाही, आणि जाड थर वाळल्यावर तडकतो. डोशाच्या पिठाएवढा हवा: ब्रश उचलल्यावर टपकायला नको, पण हलवल्यावर सपाट व्हायला हवा. प्रत्येक रंग पुरून उरेल इतका एकदाच कालवा. अर्ध्यात संपला तर तोच करडा परत जमत नाही, हे लिहून देते.

करड्याला पांढऱ्यापासून सुरुवात करा आणि काळा टोकाटोकाने घाला. काळ्यात पांढरा घालत बसलात तर बाटली संपते.

आणि वाळल्यावर रंग बदलतो. फिके रंग वाळून थोडे गडद होतात, गडद रंग थोडे फिके. म्हणून त्याच कागदाच्या कापट्यावर प्रत्येक रंगाचा एकेक ठिपका लावा आणि वाळू द्या. ओल्या रंगावर विश्वास ठेवून करडा ठरवलात तर तो निळ्याच्या शेजारी हरवेल. शेजारी लागणाऱ्या दोन रंगांत वाळल्यावर स्पष्ट फरक हवा, एवढंच बघा.

कालवलेल्या ताटलीवर ओलं फडकं झाकून ठेवा. पंखा चालू असेल तर दहा मिनिटांत साय धरते.

पहिला फटकारा आणि त्याचे वंशज

उभं राहून करा. बसलं की मनगट रेघ काढतं, उभं राहिलं की खांदा काढतो. खांद्याची रेघ लांब आणि शांत असते.

चपटा ब्रश पाण्यात बुडवून कापडावर टिपा, म्हणजे केस दमट होतील पण पाणी धरणार नाहीत. मग लाल रंगात दोन्ही बाजूंनी लोळवा. टेपवरूनच सुरुवात करा आणि पलीकडच्या टेपवर संपवा. वेग ठेवा, पण घाई नको. मी उजवी असल्याने डावीकडून निघते. ब्रशचा रंग माझ्या कागदावर पंचवीसेक सेंटिमीटर पुरतो, त्यापुढे केसांच्या रेषा उमटू लागतात. तिथे थांबून परत रंग घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. सांध्यावर गाठ येते आणि सगळी नजर तिच्यावर जाते. उजव्या टोकाला पट्टे विरत गेले तर जाऊ देत. मला तर तोच भाग आवडतो, ब्रश दमल्याचा.

आता ब्रश धुवा, टिपा, पिवळा. वरच्या लालची खालची कड बघत चाला. डोळा ब्रशवर नको, फटीवर ठेवा. फट दिसायला किरकोळ आहे, पण ओला पिवळा ओल्या लालला लागू न देणारा बांध तोच आहे. कुठे चुकून लागलाच तर पुसू नका, वाळू द्या. पुसायला जाल तर नारिंगी डाग दोन्हीकडे पसरेल.

माझ्या दुसऱ्या प्रयत्नात तिसरा पट्टा, निळा, काढत होते. मध्याच्या जरा पुढे असताना दाराची बेल वाजली आणि हात दचकला. रेघेत हरभऱ्याएवढा उंचवटा आला. कुरियर घेऊन परत आले, चौथा पट्टा काढला. नियमाप्रमाणे वरच्याची कड धरायची, म्हणून करडाही तिथे उचलला गेला, किंचित जास्त. पाचवा लाल आणखी थोडा. हात वळणावर नेहमी जरा बाहेरून जातो, सायकल जाते तसा. आठव्या पट्ट्यापर्यंत हरभऱ्याची टेकडी झाली होती, आणि बाराव्यात ती हळूहळू पसरून एक लांब, शांत चढ झाला होता. बेल वाजल्याचं कुणाला सांगितलं नाही तर वाटावं, हा चढ आधीपासून योजलेला आहे. या पद्धतीत चूक खोडता येत नाही. ती पुढच्या पट्ट्याच्या हवाली करावी लागते.

इंटरमिजिएटला संकल्पचित्रात पोस्टर कलर भरलेल्यांना इथे जरा त्रास होतो. तिथे सपाट, डागविरहित रंग आणि काटेकोर कड याचे मार्क होते. ती सवय रंग कालवताना फार कामाची, फटकारा मारताना अडचणीची. एकदा गेलेल्या पट्ट्यावरून ‘जरा सारखं करून घेऊ’ म्हणत परत ब्रश फिरवाल तर खालचा थर उठेल.

तळाशी पोहोचाल तेव्हा डावीकडे जागा उरेल आणि उजवीकडे संपलेली असेल, किंवा उलट. अपेक्षितच आहे. उरलेल्या पाचरीतही क्रमाने येणारा रंग लावा, बाकी टेपवर.

काळ्या रेघा

पट्टे पूर्ण वाळू द्या. हाताच्या पाठीने कागदाला स्पर्श करा. गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात मी रात्रभर ठेवते.

ग्वाश वाळला तरी पाण्याला विसरत नाही. डिंक परत विरघळतो, म्हणून वरच्या थराला पाणी कमी हवं आणि हात हलका. काळा रंग पट्ट्यांच्या रंगापेक्षा थोडा दाट ठेवा. गोल ब्रश भरून तिसरी फट गाठा आणि तिच्यावरून एका ओढीत जा. रंग घासायचा नाही, ठेवत जायचा. मग सहावी, नववी, बारावी. तेरा पट्ट्यांना बारा फटी, म्हणून काळ्या रेघा चार. काळा कधी फटीतून बाहेर सांडेल, कधी फट पूर्ण झाकणार नाही आणि मध्येच कागदाचा पांढरा डोकावेल. दोन्ही ठेवा.

काळ्यात खालचा पिवळा मिसळून शेवाळी दिसायला लागला तर पाणी जास्त झालंय. थांबा, वाळू द्या, दाट काळ्याने ती रेघ एकदाच परत. ब्रश मागे न फिरवण्याचा नियम इथे मोडतो हे मला माहीत आहे. नियम माझा आहे, मी एकदा मोडते. तुम्ही नाही मोडलात तर चित्र बहुधा जास्त प्रामाणिक होईल.

सगळं सुकल्यावर मास्किंग टेप बाहेरच्या दिशेने, तिरकी, सावकाश काढा. अडली तर हेअर ड्रायरची गरम हवा द्या. मग पट्टीखाली कटर धरून कागद बोर्डावरून कापून घ्या.

पावसाळ्यात सांभाळणं

ग्वाशवर वार्निश किंवा चकचकीत स्प्रे मारू नका. रंग गडद होतात आणि त्याचा मखमली कोरडेपणा जातो, जो या माध्यमाचा अर्धा जीव आहे. फ्रेम करताना माउंट लावून घ्या, म्हणजे काच रंगाला टेकणार नाही. टेकली तर दमट हवेत डिंक काचेला चिकटतो आणि पुढे फ्रेम उघडताना चित्राचा तुकडा काचेबरोबर येतो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात खरा शत्रू बुरशी. डिंक हे तिचं खाद्य. पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका, आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. फ्रेम न करता ठेवायचं असेल तर बटर पेपरमध्ये, सपाट, कपाटाच्या वरच्या खणात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. थेट उन्हाची तिरीप पडते ती भिंतही टाळा, स्वस्त लाल रंग आधी उडतो.

हेच दुसऱ्याच्या हाती

एक चित्र झालं की थांबू नका, नियमातली एकच गोष्ट बदलून दुसरं करा. फट शून्य करून बघा, पण मग प्रत्येक पट्टा वाळेपर्यंत थांबावं लागेल, चित्राला दोन दिवस लागतील. किंवा क्रम उलटा करा. कागद उभा घेतलात तर रेघ आखूड होते, ब्रश दमत नाही, आणि तो विरत जाणारा भाग नाहीसा होतो. मला ते चित्र कोरडं वाटलं. तुम्हाला कदाचित आवडेल.

यापेक्षा मजा येते नियम दुसऱ्याला दिल्यावर. ताईने अखेर चित्र केलं. तिच्याकडे चपटा ब्रश नव्हता, घराला रंग लावला तेव्हाचा एक इंची उरला होता, तोच वापरला. तिचे पट्टे नऊच बसले. ती उजवीकडून निघाली, त्यामुळे तिचे पट्टे डावीकडे विरतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर मधोमध दाट, दोन्ही टोकांना विरळ. तिच्याकडे बेल वाजली नव्हती, पण पाचव्या पट्ट्यात मध्येच एक खळगा आहे. त्याचं कारण ती सांगत नाही.

लविटचं भित्तिचित्र घेणाऱ्याला त्याच्या सहीचं प्रमाणपत्र मिळायचं. भिंतीवरचं चित्र पुसलं तरी मालकी त्या कागदावर. मी ताईच्या चित्रामागे पेन्सिलीने सगळा नियम लिहून दिला, खाली माझं नाव घातलं, आणि म्हटलं, पुढच्या बाजूला तू सही कर. तिने बराच वेळ ब्रश हातात धरून ठेवला. मग खालच्या कोपऱ्यातल्या कोऱ्या पट्टीत, करड्या रंगात, नाव लिहिलं. साधारण आडवं.